आमची जि. प. शाळा चार शाळा मिळून झालीय, पाटीवर स्थापनेचं साल कोणतं घालू?

सीनाकाठचा शेतकरी:

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठावर आमचं गाव. माझी मुलगी इथल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला आहे आणि यंदा शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मी आहे. शिक्षण बारावीपर्यंत, शेती सहा एकर. इतिहास लिहायचा अनुभव नाही, म्हणून इथं विचारतोय.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमच्या शाळेत कमरेएवढं पाणी होतं. बाकं फुगली, गिलावा सुटला, खिचडीच्या तांदळाची पोती कुजली. पाणी उतरल्यावर गाळ काढायला गेलो, तेव्हा सगळ्यांच्या आधी आम्ही लोखंडी पेटी शोधली. कपाटावर ठेवली होती म्हणून वाचली. तिच्यात जुनी रजिस्टरं आहेत. दोन वह्यांना ओल लागली होती, त्या गुरुजींनी पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून सावलीत वाळवल्या.

त्या पेटीची किंमत आम्हाला २०२३ ला कळली. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा तालुक्यातनं माणसं आली आणि पेटी उघडली. त्याआधी ती कधी उघडलेली कुणाला आठवत नव्हतं. सुरुवातीच्या वह्या मोडीत आहेत, पहिली काही पानं गेलेली. जी पहिली नोंद बालबोधीत नीट लागते, ती १९३१ ची.

आता प्रश्न असा. लोकवर्गणीतनं शाळा रंगवायला काढलीय. जुन्या पाटीवर 'स्थापना १९६२' होतं. तेच परत लिहायचं ठरत होतं. पण माझे आजोबा ह्याच शाळेत शिकले आणि १९६२ ला ते तीन लेकरांचे बाप होते. म्हणून विचारत सुटलो, तर कळलं की आमची शाळा चार ठिकाणांहून गोळा झालेली आहे.

एक, मारुतीच्या देवळात भरणारी मुलांची शाळा, जी पुढं दगडी इमारतीत आली. दुसरी कन्याशाळा. ती आमच्यात मिळाली तेव्हा मी तिसरीत होतो आणि तो सोमवार मला डोळ्यांसमोर आहे. मुली आपापल्या बसकरपट्ट्या डोक्यावर घेऊन ओळीनं आल्या, पुढं त्यांच्या बाई, बाईंच्या हातात खडूचा डबा. तिसरी, गावापासून अडीच किलोमीटरवरची वस्तीशाळा. २००१ ला सुरू झाली, २०१८ ला बंद झाली, शेवटी चार मुलं होती. चौथीचं मला बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बौद्ध वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी सांगितलं की त्यांचे वडील तक्क्यात, म्हणजे वस्तीच्या सामाईक बैठकीच्या जागेत भरणाऱ्या वेगळ्या शाळेत शिकले.

आता कुणी म्हणतं १९६२ च ठेवा, कुणी म्हणतं सगळ्यांत जुनं साल घाला म्हणजे शंभरी साजरी करता येईल. वस्तीवरचे लोक म्हणतात, आमच्या शाळेचं नाव तरी कुठं राहिलंय? पेंटर रोज फोन करतोय. काय लिहावं आणि ही सालं शोधावीत कशी? जाणकारांनी सांगा.

निवृत्त बाई:

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत अडतीस वर्षं शिकवलं, १९८१ ते २०१९. सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात, पहिली नेमणूक कन्याशाळेत आणि शेवटची केंद्रशाळेत मुख्याध्यापिका म्हणून. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री बराच वेळ जागी होते. सविस्तर लिहिते, वाचायचा कंटाळा करू नका.

आधी १९६२ पुसा. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि चालू शाळा त्यांच्याकडे आल्या. त्याआधी त्या लोकल बोर्डाच्या होत्या, मग स्कूल बोर्डाच्या. कुणीतरी 'जिल्हा परिषदेची शाळा' म्हणून जिल्हा परिषदेचं साल लिहून टाकलं आणि रंगारी तेच गिरवत राहिले. माझ्या नोकरीतल्या दोन शाळांत असंच १९६२ होतं.

गिलावा सुटलाय म्हणता, तर रंगाचा हात देण्याआधी दर्शनी भिंत नीट बघा. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा बघा. जुन्या शाळांच्या भिंतींवर चुन्याच्या थराखाली 'जीवन शिक्षण मंदिर' असं लिहिलेलं निघतं. १९३७ च्या वर्धा योजनेतून मूलोद्योगाचं शिक्षण आलं, शाळेत टकळीवर सूत काढायचं, वाफे करायचे. त्या शाळांना हे नाव मिळालं. ते सापडलं तर तुमची शाळा मूलोद्योगी होती, आणि मग डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, टकळ्या, पेळू, लपेटे मिळतात का तेही पाहा.

आता जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांची नोंदवही. शाळेचा जन्म त्यात असतोच, पण दुसरी शाळा येऊन मिळाल्याची खूणही त्यातच असते. एकेक नाव वाचू नका, 'दाखल तारीख' आणि 'मागील शाळा' हे दोनच रकाने बोट ठेवून खाली वाचत जा. साधारणपणे तारखा जूनमध्ये दाट आणि पुढं विरळ असतात. मध्येच एका तारखेला वीस-पंचवीस नावं ओळीनं आली, सगळ्यांच्या इयत्ता वेगवेगळ्या आणि मागील शाळा एकच, तर तिथं एक शाळा बुडाली आणि तुमच्यात आली असं समजा. तुम्ही सांगितलेला तो सोमवार रजिस्टरात असणार. तारीख शोधा.

शेरेबुकही शोधा. तपासणीला आलेला साहेब, ज्याला जुनी माणसं दिपोटी म्हणत, तो पट, हजेरी, इमारत, शिक्षक असं सगळं त्यात लिहून जायचा. शाळा कुठं भरते हे त्यात हमखास असतं. देवळात, चावडीत, कुणाच्या वाड्यात, की तक्क्यात.

तक्क्यातल्या शाळेबद्दल लिहायला हात जड होतो, तरी लिहिते. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी बोर्डानं वेगळ्या शाळा चालवलेल्या होत्या. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. म्हणजे तुमच्या त्या आजोबांचे वडील शिकत होते, त्याच सुमाराला जिल्ह्याच्या ठिकाणी हे चाललेलं. पण ठराव झाला म्हणून गावोगावच्या शाळा एका रात्रीत एक झाल्या नाहीत. माझ्या एका शाळेच्या शेरेबुकात मी स्वतः वाचलंय: मुलं पडवीत बसवलेली आढळली, आत बसवावीत, असा शेरा. पुढच्या वर्षी तोच शेरा. त्याच्या पुढच्या वर्षी परत तोच, फक्त साहेबाची सही बदललेली. ते पान मी किती वेळा उघडून बघितलं असेल. तुमच्या गावात ही दोन शाळांची एक शाळा कधी झाली, ती मुलं पडवीतून आत कधी आली, ते साल तुमच्या सगळ्या इतिहासात मोठं आहे. सापडलं नाही तरी त्या शाळेचं नाव मात्र सोडू नका.

कन्याशाळेचं मी स्वतः पाहिलंय. माझी पहिली कन्याशाळा दोन खोल्यांची, शहाबादी फरशीची, आवारात एक चिंच. आम्ही दोघी बाया. बाई शिकवते म्हणून आणि मुलगे नाहीत म्हणून पाठवलेल्या कितीतरी मुली होत्या. त्यांच्या आया मला दारात धरून सांगायच्या, बाई तुम्ही आहात तोवर शिकंल. पुढं पट कमी झाला आणि ती मुलांच्या शाळेत मिळाली. मुलंमुली एकत्र शिकावीत याच्या मी विरोधात कधीच नव्हते, आजही नाही. पण त्या दिवशी मुख्याध्यापिकेचं पद गेलं, मोठ्या शाळेत मुलींचं स्वच्छतागृह नव्हतं, आणि सहावी-सातवीतल्या पाच मुली दिवाळीनंतर आल्याच नाहीत. रजिस्टरात त्यांच्या पुढं 'सतत गैरहजर' लिहिलंय. लिहिणारा हात माझाच होता.

वस्तीशाळेतल्या तरुण शिक्षकाला सुरुवातीला महिना एक हजार रुपये मानधन मिळायचं. गोठ्याच्या पडवीत, लिंबाखाली फळा टेकवून शिकवलंय त्या पोरांनी. तुमच्या वस्तीवर कोण होतं ते विचारा, जवळपासच असेल तो. त्याच्याकडची हजेरी, फोटो मिळतील.

पाटीवर चारही शाळांची नावं आणि चारही सालं घाला असं माझं मत आहे. भिंत काही लहान नाही.

मोडनिंबकर:

बाईंना मान देऊन दुसरी बाजू मांडतो. माझा मुलगा दोन वर्षं एकशिक्षकी शाळेत होता. गुरुजी मनापासून शिकवणारे, पण एका माणसानं पहिली ते चौथी सांभाळायच्या, खिचडीचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, मीटिंगला तालुक्याला जायचं. ते मीटिंगला गेले की शाळेला सुट्टी. मुलगा तिसरीत असताना जोडाक्षरं वाचत नव्हता. शाळा शेजारच्या गावात मिळाली, वर्गाला एक शिक्षक झाला, खेळायला बरोबरीची पोरं मिळाली, सहा महिन्यांत पोरगं वर्तमानपत्र वाचायला लागलं. हेसुद्धा इतिहासात यायला पाहिजे. शाळा मिळाली म्हणजे सगळं वाईटच झालं असं कुणी लिहू नये.

फक्त वाटेचं आधी बघावं. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे. २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आत पट असलेल्या तेराशेहून जास्त शाळा बंद करायचं निघालं, तुमची वस्तीशाळा त्याच लाटेत गेली असणार. मग २०२३ च्या सप्टेंबरात वीसच्या आत पट असलेल्या शाळांसाठी समूह शाळेचं, म्हणजे अशा लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करायचं, पत्र निघालं. तेव्हा राज्यात अशा पावणेपंधरा हजार शाळा होत्या. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळचं नाव घेत होते. गाडी दारात येणार असेल तर माझी ना नाही. आमच्याकडं पहिलं वर्षभर मी आणि शेजारी आळीपाळीनं मोटारसायकलवर चार-चार पोरं नेली.

निवृत्त बाई:

मोडनिंबकर, तुमचं म्हणणं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. चार इयत्ता एका खोलीत मीही सांभाळल्यात. पहिलीला पाटीवर गिरवायला लावून चौथीचा भागाकार घ्यायचा, तोवर दुसरीत मारामारी. मुलाला वर्गशिक्षक मिळणं ही मोठी गोष्ट आहे. तुम्ही मोटारसायकल काढली म्हणून तुमची चार पोरं पोचली. ज्याच्या बापाकडं मोटारसायकल नाही आणि आई खुरपायला सहालाच जाते, त्याचं काय झालं ते रजिस्टरात शोधायला लागतं, एवढंच मला सांगायचंय.

अक्कलकोटी:

एक भर घालतो. गाव पूर्वी अक्कलकोट संस्थानात असेल तर १९४८ च्या आधीची कागदपत्रं लोकल बोर्डाच्या शिक्क्याची मिळणार नाहीत, संस्थानच्या नावानं मिळतील. सीनेच्या वरच्या अंगाला हा प्रश्न येत नाही, पण आमच्याकडच्या मंडळींनी ध्यानात ठेवा.

आमच्या गावात मराठी शाळा आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत, मधे एक भिंत. घंटा एकच. पावसात एका बाजूचं छत गळालं की सगळी पोरं दुसऱ्या बाजूला बसतात. कागदावर त्या दोन शाळा आहेत, पोरांना विचाराल तर एकच सांगतील. पाटी मात्र दोन्ही लिप्यांत लिहिलीय. चार नावं लिहायला तुम्हाला काही अडचण येऊ नये.

करमाळ्याची लेक:

माझ्या माहेरची शाळा उजनीच्या पाण्यात गेली. धरण १९८० ला पूर्ण झालं, माझी आई तेव्हा चौथीत. गाव उठलं आणि दोन ठिकाणी विभागून बसलं, तशी शाळाही विभागली. अर्धी मुलं एका गावठाणातल्या शाळेत मिळाली, अर्धी दुसऱ्या. जनरल रजिस्टर एकच होतं, ते एका शाळेत गेलं. दुसरीकडच्या मुलांना पुढं दाखल्यासाठी तिकडं खेटे घालायला लागले. आईला स्वतःच्या जन्मतारखेचा पुरावा पन्नाशीनंतर मिळाला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पलीकडं पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, लोक बघायला जातात. आई म्हणते, आमच्या शाळेचा ओटाही तिथंच कुठंतरी असेल, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

म्हणून सांगते, वस्तीशाळेचं रजिस्टर आत्ताच ताब्यात घ्या. जातपडताळणीला १९५०, १९६१, १९६७ च्या आधीचे पुरावे मागतात तेव्हा आजोबांच्या शाळेच्या नोंदीसाठी लोक कसे फिरतात ते तुम्ही पाहिलंय. आज वस्तीवरच्या त्या मुलांचा दाखलाही त्या एका वहीवरच आहे.

आयोवातला सोलापूरकर:

मी मूळचा जुळे सोलापूरचा, नोकरीनिमित्त अमेरिकेत आयोवा राज्यात राहतो. इथं हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय. १९०० च्या आसपास एकट्या आयोवात बारा हजारांहून जास्त खेड्यातल्या शाळा होत्या, बहुतेक एका खोलीच्या. १९१७-१८ ला सगळ्या देशात एकशिक्षकी शाळा एक लाख शहाण्णव हजार होत्या. शाळा चालवणारी स्थानिक मंडळंही १९३९-४० ला एक लाख सतरा हजार होती, आता तेरा हजारांच्या आसपास आहेत. मुलांना सरकारी पैशानं गाडीतून शाळेत न्यायची परवानगी देणारा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सनं १८६९ ला केला. त्यातून मोठ्या एकत्र शाळा वाढत गेल्या. सुरुवातीला घोड्यांच्या गाड्यांतून पोरं न्यायचे. इथली माती आपल्यासारखीच काळी, पावसाळ्यात आणि बर्फ वितळताना गाड्या रुतायच्या. म्हणून शेतकरी विरोध करायचे, कर वाढेल म्हणूनही करायचे. रस्ते पक्के झाले, मोटारीच्या बस आल्या आणि मग एक खोलीच्या शाळा भराभर गेल्या.

मी राहतो तिथल्या गावच्या शाळेत एका भिंतीवर जुन्या नकाशाची मोठी प्रत लावलीय. बंद झालेली प्रत्येक एक खोलीची शाळा त्यावर ठिपका मारून दाखवलीय, कोणत्या शेताच्या कोपऱ्यावर होती तेही. म्हातारे लोक नातवंडांना घेऊन येतात आणि बोट ठेवून दाखवतात. तुमच्या गावाचा शिवाराचा नकाशा तलाठ्याकडं मिळेल. गट नंबरासकट चार ठिपके काढता येतील.

मोडीचा विद्यार्थी:

मी सोलापूर शहरात राहतो. पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गात शिकलोय आणि २०२३ पासून शाळांची बरीच रजिस्टरं वाचलीत. कुणबी नोंदी शोधताना फक्त जातीचा रकाना बघितला गेला, बाकी मजकूर कुणी वाचलेला नाही. पहिलं पान नसलं तरी घाबरू नका. जुन्या रजिस्टरांत मुलगा कोणत्या इयत्तेत दाखल झाला ते असतं. पहिल्या शिल्लक पानावर सगळे बिगरीतले, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातले, असतील तर शाळा तेव्हा नवी, आणि वरच्या इयत्तेतली मुलं असतील तर शाळा त्याच्या आधीपासूनची. ओल लागलेल्या वह्या चिकटल्या असतील तर जोर लावून सोडवू नका आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. मी येऊन वाचून देतो, पैसे नकोत, फक्त दिवसाचा चांगला उजेड लागेल.

सीनाकाठचा शेतकरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत काय काय झालं ते सांगतो.

पेंटरला थांबवलं. बाईंनी सांगितलं तसं सकाळी साडेसातला मी, गुरुजी आणि समितीतल्या दोन ताया भिंतीसमोर जाऊन उभे राहिलो. दरवाज्याच्या वर, भिंतीनं पुराची ओल जिथपर्यंत ओढली होती त्याच्या हातभर वर, पोपडा हातानं सोडवला तर निळीतली अक्षरं निघाली. 'जीवन शि' एवढी स्वच्छ आहेत, 'मंदिर' मधला 'मं' गेलाय. माझ्यासोबतच्या तायांपैकी एकीच्या सासऱ्यांना बोलावलं, वय ब्याऐंशी. ते काठी टेकत आले, अक्षरांकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, इथं आम्ही सूत काढायचो. डेडस्टॉकच्या वहीत 'तकल्या ४०' अशी नोंद गुरुजींना सापडली. तेवढा भाग आम्ही रंगवणार नाही, चौकट करून तसाच ठेवणार.

कन्याशाळेचा सोमवार सापडला. ७ डिसेंबर १९९२. सव्वीस मुलींची नावं ओळीनं, एकाच शाईत. मला वाटायचं माझ्या आठवणीत काही वाढवलेलं असेल, पण नाही. पुढं बघितलं तर सव्वीसपैकी चार जणींच्या पुढं त्याच शैक्षणिक वर्षात शाळा सोडल्याची नोंद आहे. त्यातली एक माझ्या बायकोची थोरली बहीण निघाली. तिला फोन केला. ती म्हणाली, भावजी, मला त्या शाळेत घंटाभर लघवीला जाता येत नव्हतं, म्हणून मी आईला सांगितलं नाही जात. तीस वर्षं आम्ही समजत होतो तिला अभ्यासाची गोडी नव्हती. समितीच्या बैठकीत मी हे तिच्या परवानगीनं वाचून दाखवलं. मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम रंगाच्या आधी घ्यायचं ठरलं, वर्गणीतले पैसे आधी तिकडं जातील.

मोडनिंबकर, तुमचंही बैठकीत वाचलं. वस्तीवरचे दोन बाप म्हणाले, शाळा गावात आली ते आम्हाला चांगलंच वाटतं, पोरं शिकतायत. ओढ्यावर साकव पाहिजे एवढंच. २०१८ च्या पावसाळ्यात चारपैकी एक मुलगा महिनाभर आला नव्हता, ते हजेरीत दिसतंय. आता तिकडून सात मुलं येतात. साकवासाठी ग्रामपंचायतीचा ठराव झालाय, आम्ही मागं लागलोय.

वस्तीशाळेचा तो शिक्षक सापडला. आता शेजारच्या तालुक्यात कायम नोकरीत आहेत. रजिस्टर आमच्याच पेटीत होतं, पण वस्तीशाळेची घंटा त्यांनी जपून ठेवलीय. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आहे, वाजवायला जुना बोल्ट. शाळा बंद झाली त्या दिवशी काढून घरी नेला होता, तुळईला टांगलाय. ते म्हणाले, लावणार असाल तर देतो, कोपऱ्यात टाकणार असाल तर राहू दे. आम्ही लावणार.

तक्क्यातल्या शाळेचं मात्र अजून लागलेलं नाही. शेरेबुकाचा एक जुना भाग मोडीत आहे. म्हातारे आजोबा म्हणतात त्यांच्या वडिलांचं नाव मिळालं तर बघा. वडील दुसरीपर्यंत शिकून सही करायला शिकले होते आणि ती सही असलेला एक कागद त्यांनी मला दाखवला. पाटीवर चार ओळी आखल्यात. तीन भरल्या, ही ओळ नाव लिहून सालापुरती मोकळी ठेवायला पेंटरला सांगितलंय. तो म्हणाला, मोकळी ओळ वाईट दिसंल. आजोबा म्हणाले, दिसू दे.

मोडीचा विद्यार्थी यांना विनंती, या रविवारी जमेल का? सकाळची एसटी आमच्या फाट्यावर थांबते, तिथून गाव तीन किलोमीटर आहे. मी मोटारसायकल घेऊन उभा राहतो. पूर्वेकडच्या खोलीत उजेड चांगला असतो, तिथं सतरंजी टाकून ठेवतो.

मोडीचा विद्यार्थी:

रविवारी येतो. आजोबांच्या वडिलांचं नाव, आडनाव आणि अंदाजे जन्मसाल लिहून ठेवा. आडनावाच्या जागी त्या काळी बहुतेक जातच लिहिलेली असते, त्यामुळं आजोबांच्या आजोबांचं नाव माहीत असेल तर तेही लागेल.

सीनाकाठचा शेतकरी:

विचारलं. आजोबांना पणजोबांपर्यंत नावं पाठ आहेत. ते स्वतः येऊन बसणार म्हणतात.